टॉवेलमागचा कार्बन : खरेदीदाराच्या प्रश्नावलीतले शब्द समजून घेताना

सोलापुरातल्या टॉवेल निर्यातदारांना हल्ली ऑर्डरच्या मेलसोबत एक जादा एक्सेल शीट येते. रंग, साईज, जीएसएम (चौरस मीटरमागचं वजन), पॅकिंग हे नेहमीचं झाल्यावर त्यात विचारलेलं असतं : तुमचं स्कोप १ आणि स्कोप २ उत्सर्जन किती? बेस इयर कोणतं? एसबीटीआयचं टार्गेट घेतलंय का? नेट झिरो कधी गाठणार? निर्यातदार ती शीट अकाउंटंटकडे सरकवतो, अकाउंटंट प्रोसेस हाऊसला, म्हणजे रंगाईच्या कारखान्याला पाठवतो आणि प्रोसेस हाऊसचा मॅनेजर शेवटी बॉयलरवर जाऊन विचारतो, "महिन्याला कोळसा किती लागतो रे?"

तो मॅनेजर बरोबर ठिकाणी पोचलेला असतो. या विषयातले सगळे अवघड शब्द कुठल्या ना कुठल्या बॉयलरपाशी, मीटरपाशी नाहीतर डिझेलच्या पावतीपाशीच येऊन थांबतात.

कारखान्यांच्या ऊर्जा तपासणीच्या कामात अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत माझं सतत जाणं असतं. तिथे या शीटची धास्ती घेतलेले बरेच जण भेटतात. कुणी कन्सल्टंटला भलते पैसे मोजून मोकळा होतो, कुणी गेल्या वर्षीचेच आकडे पाच टक्के कमी करून भरून टाकतो. दुसरा मार्ग तर उद्या अंगाशी येणारा आहे. लाईट बिल वाचता येणाऱ्या आणि गुणाकार येणाऱ्या माणसाला हा हिशेब जमतो, असं माझं ठाम मत आहे. तो कसा करायचा आणि त्यातल्या कुठल्या शब्दाशी जपून वागायचं, ते इथे मांडतो.

आधी हवेचं थोडक्यात. उजनी किती टक्क्यांवर आली हे सोलापूरकराला रोज सकाळी पेपरात लागतं. दौंडकडून येणारा विसर्ग वेगळा आणि धरणातला साठा वेगळा, हे इथे शाळकरी पोरालाही कळतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचंही असंच आहे. आपण दरवर्षी सोडतो ते उत्सर्जन म्हणजे विसर्ग, आणि हवेत साचलेलं प्रमाण म्हणजे साठा. औद्योगिक क्रांतीच्या आधी हा साठा २८० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २८० भागांच्या आसपास होता, आता तो ४२० च्या वर गेलाय. पृथ्वी तापते ती साठ्यामुळे. म्हणून यंदा विसर्ग थोडा कमी झाला एवढ्यावर तापमान उतरत नाही. माणूस हवेत जेवढं घालतो आणि हवेतून जेवढं काढून घेतो, त्यांची वजाबाकी शून्यावर आली तरच कार्बन डायऑक्साइडमुळे होणारी वाढ थांबते. ही वजाबाकी शून्यावर आणणं म्हणजेच नेट झिरो.

२०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशावर रोखायचा प्रयत्न करायचा, असं ठरलं. दीड अंश हवा असेल तर जगाचं कार्बन डायऑक्साइड २०५० च्या सुमारास नेट झिरोवर यायला हवं, हे आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या तज्ज्ञ मंडळाने, २०१८ च्या अहवालात मांडलं. परदेशी कंपन्यांच्या जाहीरनाम्यांत २०५० हे साल दिसतं ते तिथून आलेलं आहे. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत २०७० हे साल जाहीर केलं. तुमच्या शीटमध्ये मात्र खरेदीदाराचं साल असतं, देशाचं नव्हे.

गुणाकार

सगळा हिशेब एका ओळीत बसतो : किती वापरलं, गुणिले त्याचा उत्सर्जन गुणांक. या गुणांकाला एमिशन फॅक्टर म्हणतात. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्याकडे बॉयलरला येणाऱ्या मध्यम प्रतीच्या देशी कोळशाचा, किलोला सुमारे चार हजार किलोकॅलरीवाल्याचा, गुणांक १.६ च्या आसपास येतो. विजेच्या एका युनिटला देशाच्या ग्रिडची सरासरी सध्या ०.७२ किलोच्या जवळपास आहे. हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं, तो तिथूनच घ्यावा. इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही तक्त्यातून उचलू नये.

एक किलो कोळशातून दीड किलोहून जास्त गॅस कसा निघतो, हा प्रश्न मला बॉयलर अटेंडंटने विचारलाय आणि तो रास्त आहे. कोळशातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटतात आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. निव्वळ कार्बन एक किलो जळला तर ३.६७ किलो गॅस होतो. आपल्या कोळशात राख आणि ओल बरीच असल्याने आकडा खाली येतो, इतकंच.

खरी मेहनत गुणांक शोधण्यात जात नाही, वापराचा आकडा खरा आणण्यात जाते. रंगाई खात्यामागच्या बॉयलर हाऊसमध्ये गेलात की दाराशी खिळ्याला अडकवलेली, कोळशाच्या बोटांनी काळी पडलेली वही दिसते. त्यात पाळी आणि गाड्या लिहिलेल्या असतात : पहिली पाळी ११ गाड्या, दुसरी १३. ढकलगाडी कुणी शिगोशीग भरतो, कुणी अर्धी, आणि पावसाळ्यात त्यात पाणीही असतं. त्यावरून वर्षाचा आकडा काढला तर तो काहीही येऊ शकतो. त्यापेक्षा अकाउंटंटला रोजची सवय आहे तीच रीत इथे लावावी : सुरुवातीचा साठा, अधिक वजनकाट्याच्या पावत्यांप्रमाणे झालेली खरेदी, वजा अखेरचा साठा. वही ठेवावीच, पण ताळा पाहण्यासाठी.

विजेच्या बाबतीत एक बारीक गोम आहे. आपल्याकडे एचटी, म्हणजे उच्च दाबाची वीज घेणाऱ्या ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे ग्रिडकडून ओढलेल्या एकूण विजेवर लागतं. कार्बनचा गुणांक मात्र केडब्ल्यूएचचा, म्हणजे खऱ्या युनिटचा असतो. बिलात दोन्ही आकडे छापलेले असतात आणि घाईत पैसे लागलेला आकडा उचलला जातो. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खऱ्या युनिटांचा वाटा, चांगला असेल तर फरक किरकोळ राहतो. तो सुधारणारे कॅपॅसिटर बिघडलेले असतील तर हिशेबातला कार्बन उगाच फुगतो.

कार्बन डायऑक्साइड एकटा नाही

हिशेबात एकूण सात प्रकारचे वायू धरले जातात. प्रत्येकाची तापवण्याची ताकद वेगळी, म्हणून सगळ्यांना कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून घेतात. शीटमध्ये एककाच्या शेवटी 'ई' हे अक्षर दिसतं ते 'इक्विव्हॅलंट'चं, म्हणजे समतुल्य. आणि ज्या आकड्याने बदलायचं त्याला ग्लोबल वॉर्मिंग पोटेन्शियल म्हणतात. १०० वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन म्हणजे सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड म्हणजे जवळजवळ २७० किलो.

टॉवेलवाल्याने यातला एक वायू विसरू नये, तो म्हणजे ऑफिसच्या आणि शोरूमच्या एसीतला. आर-४१०ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट ताकदीचा आहे. जोडाशी गळती होऊन एक किलो गॅस उडाला तर ते सातशे लिटरपेक्षा जास्त डिझेल जाळल्यासारखं होतं. एसीवाला येतो, "गॅस भरलाय साहेब" म्हणतो, बिल देऊन निघून जातो. त्या बिलावर किती किलो आणि कोणता गॅस हे लिहून घ्यायची सवय लावा. जुन्या एसीत आर-२२ असेल तर तो ओझोनच्या करारात मोडतो आणि हरितगृह वायूंच्या बेरजेबाहेर वेगळा दाखवतात.

स्कोप म्हणजे कुणाच्या खात्यावर

जगभर वापरात असलेली ही पद्धत ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल नावाच्या मानकातून आली. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी ते २००१ मध्ये काढलं आणि २००४ मध्ये सुधारलं. तुमच्या ताब्यातल्या यंत्रात, गाडीत, बॉयलरमध्ये जे जळतं किंवा गळतं ते स्कोप १. विकत घेतलेल्या विजेमागचं, किंवा बाहेरून वाफ घेत असाल तर त्या वाफेमागचं, ते स्कोप २. तुमच्या धंद्यामुळे पण दुसऱ्याच्या आवारात घडतं ते स्कोप ३. यात सूत, रसायनं, वाहतूक, कामगारांचं जाणंयेणं, विकलेल्या मालाचा वापर आणि शेवटी त्याची विल्हेवाट असे १५ प्रकार येतात. स्कोप ३ साठीचं वेगळं मानक २०११ मध्ये आलं.

आकड्यात पाहू. समजा एक मध्यम कारखाना आहे, स्वतःचे माग आणि स्वतःची रंगाई असलेला, वर्षाला ५०० टन टॉवेल काढणारा. पुढचे वापराचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. बॉयलरला ६०० टन कोळसा, म्हणजे ९६० टन कार्बन डायऑक्साइड. जनरेटरला ५,००० लिटर डिझेल, म्हणजे १३ टन. एसीचा ५ किलो गॅस, म्हणजे सुमारे १० टन. झाला स्कोप १, एकूण ९८३ टन. वीज ४ लाख ८० हजार युनिट, तिचा स्कोप २ येतो ३४६ टन. दोन्ही मिळून १,३२९ टन.

आता स्कोप ३ कडे वळा, आणि तोही नुसता सुताचा धरा. एक किलो सूत कातायला गिरणीत तीन युनिट वीज लागते असं समजा. ५०० टनांना १५ लाख युनिट, म्हणजे १,०८० टन. कारखान्याच्या अख्ख्या कोळशापेक्षा जास्त कार्बन निव्वळ कताईच्या विजेतून आला, आणि अजून आपण शेतात गेलोच नाही. कापसाला घातलेल्या नत्राचा थोडा भाग मातीतून नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. आयपीसीसीचा ढोबळ नियम एक टक्क्याचा आहे. त्या नियमाने युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीमागे थेट मातीतून ८५ ते ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका वायू हवेत जातो. युरिया बनवताना झालेलं उत्सर्जन आणखी वेगळं.

स्कोपच्या या वाटणीतून एक पळवाट निघते आणि ती ओळखता यायला हवी. या कारखान्याने उद्या रंगाई बंद करून माल जॉबवर बाहेर दिला, तर त्याचा स्कोप १ एका फटक्यात ९८३ वरून २३ टनांवर येईल. अहवालात लिहिता येईल की थेट उत्सर्जन ९७ टक्क्यांहून जास्त घटवलं. कोळसा तेवढाच जळतोय, चार गाळे सोडून. तो आता या कारखान्याच्या स्कोप ३ मध्ये गेला आणि शेजारच्या प्रोसेस हाऊसच्या स्कोप १ मध्ये. म्हणून कुठल्याही कंपनीचा अहवाल वाचताना स्कोप १ घटला असं दिसलं, की पहिल्यांदा विचारावं : काम थांबलं की दुसरीकडे गेलं? स्कोप ३ चा आकडा सोबत नसेल तर तो अहवाल अर्धाच आहे.

सोलापूरला ही शीट का येते याचं उत्तरही इथेच आहे. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या मोठ्या दुकान-साखळीची स्वतःची यंत्रं फारशी नसतात. तिचा बहुतेक कार्बन तिने विकत घेतलेल्या मालात असतो, म्हणजे तिच्या स्कोप ३ मध्ये. आपण सोलापुरात जो स्कोप १ आणि २ म्हणून लिहितो तो जसाच्या तसा तिच्या स्कोप ३ मध्ये जाऊन बसतो. अशा कंपन्यांची उद्दिष्टं तपासणारी सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह, म्हणजेच एसबीटीआय, २०१५ पासून काम करतेय. कंपनीच्या एकूण उत्सर्जनात स्कोप ३ चा वाटा ४० टक्के किंवा जास्त असेल तर त्याचंही उद्दिष्ट घ्यायला लावते. दुकान-साखळीच्या बाबतीत तो वाटा त्याहून कितीतरी मोठा असतो. तिथून दोरी थेट आपल्या बॉयलरपर्यंत येते.

एक जाता जाता सांगतो. ग्राहकाने टॉवेल गरम पाण्यात धुणं आणि ड्रायरमध्ये वाळवणं यातलं उत्सर्जन मानकात ऐच्छिक धरलंय, कारण टॉवेल स्वतः वीज खात नाही. आयुष्यभराच्या शेकडो धुण्यांचा हिशेब केला तर ते थोडं नसतं. आपल्याकडे दोरीवर वाळणाऱ्या टॉवेलला तो खर्च पडतच नाही.

विजेचे दोन हिशेब

स्कोप २ दोन पद्धतींनी मागतात. पहिली ठिकाणानुसार : ज्या ग्रिडवर तुम्ही आहात तिची सरासरी. आपल्या शेजारी आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र आहे, म्हणून सोलापूरच्या विजेचा गुणांक जास्त लागेल, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. देशाचं ग्रिड एक आहे आणि ते एक झालं तेच सोलापुरातून. रायचूर ते सोलापूर ७६५ केव्हीची लाईन ३१ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. त्यामुळे गुणांक अख्ख्या देशाचा लावतात.

दुसरी पद्धत करारानुसार : तुम्ही कोणती वीज विकत घेतली याचा कागद. सौर प्रकल्पाकडून थेट वीज घ्यायचा ओपन अ‍ॅक्सेसचा करार, महावितरणचा जादा पैसे मोजून मिळणारा ग्रीन टॅरिफ, किंवा अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रं. इथला नियम कडक आहे : एका युनिटचा हिरवेपणा एकदाच मोजायचा. छतावरच्या सौर विजेची प्रमाणपत्रं दुसऱ्याला विकली असतील तर ती वीज तुम्ही वापरली तरी 'आम्ही सौर ऊर्जेवर चालतो' असं म्हणता येत नाही, ते म्हणणं तुम्ही विकलेलं असतं. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी द्यावेत. दुसराच तेवढा दिला की वाचणाऱ्याला शंका येते, आणि ती यायलाच हवी.

छतावर सोलर बसवण्याबद्दल माझं मत विचाराल तर, सोलापूरच्या उन्हात ते न बसवणं हेच नुकसान आहे. पण आपल्या उदाहरणातल्या कारखान्याकडे परत पाहा. तिथे वीज ३४६ टन आहे आणि कोळसा ९६० टन. छतावरचे पॅनेल फोटोत चांगले दिसतात, म्हणून सगळे आधी तिकडे धावतात. वाफेच्या पाइपवरचं इन्सुलेशन कुणाच्या ब्रोशरमध्ये येत नाही. रंगाई खात्यात उघड्या फ्लँजमधून फुसफुसणारी वाफ आणि ट्रॅपमधून निघून गटारीत जाणारं वाफेचं उकळतं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, हे दोन्ही म्हणजे कोळसाच आहे. बॉयलरच्या फीडवॉटरचं तापमान ६ अंशांनी वाढवलं तर इंधन साधारण एक टक्का वाचतं, हा ऊर्जा तपासणीतला जुना नियम आहे. ते गटारीतलं पाणी परत टाकीत घेतलं तर तापमान कितीतरी जास्त वाढतं आणि शुद्ध केलेलं पाणीही वाचतं. टंचाईच्या गावात तेही पुष्कळ आहे.

बगॅस, ब्रिकेट आणि लाकूड

साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न हटकून येतो : कोळशाऐवजी बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) किंवा भुईमुगाच्या टरफलांच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या कांड्या, जाळल्या तर कार्बन शून्य धरायचा का? उसाने तो कार्बन गेल्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा घेणार असतो, म्हणून त्याचा कार्बन डायऑक्साइड स्कोपच्या बेरजेत धरत नाहीत. मात्र तो 'बायोजेनिक' या नावाने बाजूला दाखवावा लागतो, लपवता येत नाही. आणि जळताना थोडाबहुत मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड निघतो तो स्कोप १ मध्येच येतो. ब्रिकेट सुकवायची, दाबायची वीज आणि ट्रकचं डिझेल स्कोप ३ मध्ये.

लाकडाबद्दल मी जास्त सावध आहे. ऊस वर्षा-दीड वर्षात परत येतो. तोडलेलं झाड परत तेवढं व्हायला दशकं लागतात, आणि लागवड झालीच नाही तर ते कधीच परत येत नाही. कागदावर दोन्ही बायोजेनिक, पण हवेच्या दृष्टीने दोन्ही सारखे नाहीत. खरेदीदार हुशार असेल तर लाकूड कुठून आलं याचा कागद मागतो, आणि तो मागण्यात काही चूक नाही.

बेस इयर आणि दोन प्रकारची घट

घट मोजायची तर कशाच्या तुलनेत हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवलेलं वर्ष म्हणजे बेस इयर. ते नेहमीसारखं चाललेलं वर्ष असावं. २०२०-२१ घेतलं तर कोविडमुळे माग बंद असल्याने सुरुवातीचाच आकडा खाली असतो आणि पुढे प्रत्येक वर्षी वाढ दिसते. मंदीचं वर्ष तसंच अडचणीचं. मुद्दाम फुगलेलं वर्ष निवडून पुढे घट दाखवणं ही लबाडी झाली. मधेच रंगाई खातं जोडलं किंवा विकलं तर बेस इयरचा आकडाही पुन्हा मांडावा लागतो.

घट दोन प्रकारची असते. आपला कारखाना समजा ५०० वरून ८०० टनांवर गेला आणि उत्सर्जन १,३२९ वरून १,८०० टनांवर. टॉवेलच्या किलोमागे ते २.६६ किलोवरून २.२५ वर आलं, म्हणजे १५ टक्के घट. याला इंटेन्सिटी म्हणतात. पण हवेत एकूण ३५ टक्के जास्त गेलं, ही झाली अ‍ॅब्सोल्यूट वाढ. दोन्ही वाक्यं खरी आहेत. भारताचं २०३० चं उद्दिष्टही इंटेन्सिटीचं आहे : जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी. वाढत्या देशाला आणि वाढत्या कारखान्याला हे माप रास्त आहे असं मी मानतो. मात्र 'आम्ही उत्सर्जन १५ टक्के कमी केलं' एवढंच लिहिणं रास्त नाही. 'प्रतिकिलो' हा शब्द त्या वाक्यात हवाच.

'कार्बन न्यूट्रल' लिहिण्याआधी

कार्बन क्रेडिट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी एक टन टाळलं किंवा हवेतून काढलं याचा दाखला. झाडं लावली, सुधारित चुली वाटल्या, पवनचक्की उभारली, त्याचे टन विकायला येतात. ते विकत घेऊन स्वतःच्या उत्सर्जनातून वजा करणं म्हणजे ऑफसेट, आणि बेरीज शून्य दाखवली की कार्बन न्यूट्रल. यातली कळीची अट अशी : ते काम क्रेडिटच्या पैशाशिवाय झालं नसतं, हे सिद्ध व्हायला हवं. पवनचक्की तशीही फायद्यात उभी राहणार असेल तर तिच्या क्रेडिटने हवेतलं काही बदलत नाही. बाजारात अशा पोकळ क्रेडिटांचा सुळसुळाट आहे.

नेट झिरो ही त्याहून फार कडक गोष्ट. एसबीटीआयच्या २०२१ च्या मानकात बहुतेक कंपन्यांना स्वतःच्या साखळीतलं उत्सर्जन आधी ९० टक्के किंवा जास्त घटवावं लागतं. उरलेल्या थोड्याशापुरतंच हवेतून कायमचं काढून घेऊन भरपाई चालते. कोळशाचा बॉयलर तसाच ठेवून क्रेडिटं घेतली तर कार्बन न्यूट्रलचं प्रमाणपत्र मिळू शकेल, नेट झिरो मिळणार नाही.

निर्यातदारांनी एक तारीख लिहून ठेवावी : २७ सप्टेंबर २०२६. युरोपियन युनियनचा २०२४ चा ग्राहकहिताचा नवा निर्देश त्या दिवसापासून लागू होतो. ऑफसेटच्या जोरावर एखादं उत्पादन 'कार्बन न्यूट्रल' किंवा 'हवामानाला शून्य भार' असल्याचा दावा तिथल्या ग्राहकासमोर करायला त्यात बंदी आहे. टॅगवर तसं छापून घ्यायच्या आधी खरेदीदाराशी बोला. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फसव्या हिरव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. 'इको-फ्रेंडली टॉवेल' असं मोघम लिहून आता भागणार नाही.

कोणता कायदा आपल्याला लागतो

सीबॅम, म्हणजे युरोपच्या सीमेवरचा कार्बन कर, याची सोलापुरात बरीच चर्चा होते. त्याचा प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा १ जानेवारी २०२६ ला सुरू झाला. तो लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज आणि हायड्रोजन यांना आहे. टॉवेल-चादरी त्यात नाहीत.

सेबीचा बीआरएसआर, म्हणजे कंपनीच्या पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. आपले बहुतेक कारखाने भागीदारीतले किंवा घरचे, त्यांना तो थेट लागत नाही. पण तुम्ही अशा कंपनीला माल देत असाल तर तिचे प्रश्न तुमच्यापर्यंत येतात. पुरवठादारांची माहिती देण्याची अट सेबीने नंतर सैल करून ऐच्छिक केली, तरी विचारणारे विचारतातच.

तिसरी आपली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये ही योजना अधिसूचित झाली. वस्त्रोद्योग हा त्यातल्या उद्योगांपैकी एक आहे. यादीतल्या मोठ्या युनिटांना प्रतिटन उत्पादनामागे उत्सर्जनाची मर्यादा मिळते. मर्यादेच्या खाली राहिलात तर क्रेडिट मिळतं, वर गेलात तर विकत घ्यावं लागतं. लहान यंत्रमागधारक त्यात येत नाही.

शीट भरताना काय करावं

पहिल्या वर्षी स्कोप १ आणि २ पूर्ण भरा, स्कोप ३ मध्ये सूत आणि वाहतूक एवढं घ्या. सूतगिरणीला एक मेल टाकून किलोमागे किती युनिट लागतात ते विचारा, बऱ्याच जणी सांगतात. न्हावा शेवापर्यंतचे ट्रक आणि पुढची जहाजं लिहा. उशीर झाला म्हणून एखादा लॉट विमानाने पाठवला असेल तर तो वेगळा दाखवा, कारण त्याचा किलोमागचा कार्बन जहाजाच्या कित्येक पट असतो. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचा कागद आणि गुणांकाचं वर्ष नोंदवा. जे मोजलं नाही तिथे शून्य घालू नका, 'मोजलेलं नाही' असं लिहा. शून्य म्हणजे तुम्ही मोजलं आणि काही निघालं नाही असा दावा होतो, आणि पडताळणीला आलेला माणूस पहिल्यांदा तेच पकडतो.

आता मला मनापासून खटकणारी गोष्ट. खरेदीदार स्वतःच्या अहवालात स्कोप ३ ची घट लिहितो. ती घट घडवायला बॉयलर बदलायचा, कंडेन्सेटची लाईन टाकायची, सोलर बसवायचं तर कर्ज काढतो सोलापूरचा कारखानदार. आणि पुढच्या सीझनला तोच खरेदीदार पीसमागे चार सेंट कमी करायला सांगतो. मार्जिन आधीच पातळ असलेल्या माणसाला हे परवडत नाही, म्हणून तो आकडे रंगवतो आणि मग सगळा हिशेबच खोटा होतो. घट हवी असेल तर तिचा खर्च किमतीत दिसायला हवा. निदान बँकेपुढे ठेवता येईल अशी तीन-चार वर्षांच्या ऑर्डरची हमी तरी हवी.

हे एकट्या कारखानदाराने म्हटलं तर ऑर्डर पलीकडच्या गाळ्यात जाते. दहा-वीस कारखान्यांनी एकाच पद्धतीने, एकाच गुणांकांनी आकडे काढले आणि संघटनेमार्फत पुढे ठेवले तर बोलणी वेगळी होतात. तिथे खरे आकडेच कामाला येतात : अमुक टन कमी करायला अमुक लाख लागतात, हे बिलांसकट दाखवता येतं. शीटच्या शेवटच्या पानावर 'रिमार्क्स' नावाचा रकाना असतो आणि तो जवळजवळ सगळे रिकामा सोडतात. तुमच्या कंडेन्सेट लाईनचं कोटेशन, त्यातून वाचणारा कोळसा आणि कमी होणारे टन त्या रकान्यात लिहा आणि खाली विचारा : यातला किती वाटा तुम्ही उचलणार?